अष्टमीच्या आदल्या दिवशी फवारणी

नाहूर स्टेशनपासून चालत पोचता येतं असं बिल्डर सांगायचा, आणि धापा टाकत पोचता येतं असं रहिवासी सांगायचे, त्या 'सहजीवन' सोसायटीत दशरथ परब तळमजल्यावर राहत होते. तळमजला घेताना नातेवाइकांनी सांगायचं ते सगळं सांगितलं होतं. ओल येते, उंदीर येतात, वरच्यांचं सगळं खाली येतं. परबांनी ते हसून झटकलं, कारण मागच्या दाराबाहेर अंगण होतं. अंगण म्हणजे इमारतीची मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली, बिल्डरला विकता न आलेली जागा. पण "काल जरा अंगणात बसलो होतो" हे वाक्य परब ऑफिसात अधूनमधून टाकत, आणि एका खोलीत सात माणसं घेऊन राहणारे त्यांचे सहकारी मुकाट्यानं फायली चाळू लागत.

अंगणात शेवग्याचं झाड होतं. ते परबांच्या पत्नीनं, सुगंधानं लावलेलं. ताबा मिळाला त्या वर्षी कुडाळहून परतताना तिनं माहेरच्या शेवग्याची हातभर फांदी एसटीत रात्रभर मांडीवर धरून आणली होती. कंडक्टरनं फांदीचंही तिकीट काढा म्हटलं, तेव्हा ती त्याला जे बोलली ते ऐकून परबांनी खिडकीबाहेर बघणं पसंत केलं. फुटक्या विटा आणि सिमेंटचे गोळे उपसून तिनं ती फांदी खोचली. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, माहेरचं मूळ झाड गेलं, घरही गेलं. ही फांदी मात्र सहजीवनच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. सुगंधाला माहेर म्हणून आता तेवढंच उरलं होतं, आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नसे.

झाड परबांचं होतं ते पाणी घालण्यापुरतं. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून हाताला लागणाऱ्या शेंगा पहिल्या मजल्याच्या आणि दुसऱ्याच्या खिडकीतून लागणाऱ्या दुसऱ्या मजल्याच्या, ही वाटणी निसर्गानंच करून दिली होती. पाल्याचं प्रकरण जरा नाजूक होतं. इमारतीत बरीच बिऱ्हाडं तळकोकणातली, आणि तिकडच्या माणसाला गोकुळाष्टमीच्या रात्री आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी मिळाली नाही, तर कृष्ण जन्मला यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून दर वर्षी अष्टमीच्या सुमारास एका सकाळी शेवग्याच्या खालच्या फांद्या बोडक्या दिसत. पाला कुणीही तोडलेला नसे. विचारलं तर लोक उलट चौकशी करत, "अय्या, गेला? कमाल आहे हो लोकांची."

त्या वर्षी श्रावणात झाडावर सुरवंट आले. तसे ते दर वर्षी येतात, पण पाहुण्यांसारखे येऊन जातात. त्या वर्षी पागडी देऊन आल्यासारखे राहिले. खोडावर एकाला एक चिकटून असे बसले की लांबून झाडाला कुणी घोंगडी गुंडाळली आहे असं वाटावं. वाळत घातलेल्या कपड्यांवर त्यांचे केस पडू लागले आणि अख्खं सहजीवन सहकुटुंब खाजवू लागलं.

यात सर्वांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो पहिल्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाश सामंतांना. सामंत सोसायटीचे चेअरमन. नंबर लावून आठ वर्षांनी त्यांना स्कूटर मिळाली होती, स्कूटरला शेड हवी होती, आणि शेडला जागा फक्त शेवग्याच्या जागी होती. गेली दोन वर्षं ते झाडावर एखादा तरी गुन्हा शाबीत व्हायची वाट बघत होते. त्यांनी लोकहिताच्या कळकळीनं फळ्यावर नोटीस लावली. रविवारच्या सभेपर्यंत कीटकांचा बंदोबस्त न झाल्यास झाड तोडण्याचा ठराव मांडण्यात येईल, आणि सोमवारी झाड तोडण्यात येईल. सोमवारीच का, रविवारीच का नाही, हा प्रश्न परबांना पडला नाही. सणवार हे सुगंधाचं खातं होतं. रविवारी अष्टमी होती.

सुगंधानं नोटीस वाचली आणि ती घरात येऊन नुसतीच बसून राहिली. परबांना बायकोच्या बोलण्याची सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. "तू काळजी करू नकोस," ते म्हणाले, "मी बघतो." परब एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. 'बघतो' म्हटल्यावर काय होतं, ते त्यांना इतरांपेक्षा चांगलं ठाऊक असायला हवं होतं.

सल्ले घरपोच आले. दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तराबाई मयेकर म्हणाल्या, काठीला रॉकेलचा बोळा बांधून खोडावरून जाळ फिरवा. आणि त्यांच्याच खिडकीखाली जाळ फिरवणार हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, नको, हळदीचं पाणी मारा. सोसायटीचे सेक्रेटरी रतन साळवे टेलिफोन खात्यात होते आणि मोजकं बोलायचे. ते म्हणाले, "काही करू नका परब. पंधरा दिवसांत त्यांना पंख फुटतील नि जातील आपले आपण." काहीही करू नका हा सल्ला इतका बिनखर्चाचा होता की परबांना तो विचारात घेण्याच्या लायकीचाच वाटला नाही.

ते रीतसर वॉर्ड ऑफिसात गेले. पहिल्या टेबलानं झाड म्हटल्याबरोबर उद्यान खात्याकडे बोट दाखवलं. उद्यान खात्यानं झाड खाजगी की सार्वजनिक ते विचारलं, आणि परबांनी अभिमानानं "खाजगी!" म्हटल्यावर फाईल मिटली. मग ते कीटकांच्या टेबलाशी गेले. तिथला गृहस्थ डबा खात होता.

"उडतात का?"

"नाही. चालतात."

"मग आमच्याकडे नाही. आमच्याकडे फक्त डास. उडायला लागले की या."

परब उभ्या आयुष्यात लोकांना असंच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत आले होते, पण त्यात एवढा अपमान असतो हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. तरीही दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ऑफिसात त्यांनी पद्धतीत काही बदल केला असं ऐकिवात नाही.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते भांडुपला शेतीच्या औषधांच्या दुकानात गेले.

"पीक कुठलं?" दुकानदारानं विचारलं.

"शेवगा."

"किती एकर?"

"एक," परब म्हणाले, आणि मग घसा साफ करून, "झाड."

दुकानदारानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सर्वांत लहान डबा काढला. डब्यावर कवटी होती, हाडं होती, आणि आत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत माहितीचा कागद. फवारलेला पाला पंधरा दिवस खाऊ नये, हे दुकानदारानं तोंडी सांगितलं. "पाला खातोय कोण?" परब हसून म्हणाले. पाठीवर बांधायचा पितळी पंप दुकानदारानं अनामत घेऊन दिला आणि परब तो पाठीवर घेऊन निघाले.

ऑफिसच्या कपड्यांत, पाठीवर पंप, हातात नळी असा माणूस रस्त्यानं चालला की लोक त्याला हेडक्लार्क समजत नाहीत. एका बाईनं गॅलरीतून हाक मारली, "ओ डासवाले, आमच्या गटारात मारा की! मागल्या महिन्यापासून सांगतोय!" परबांनी मान वळवली नाही. तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "बघ कसा माज! पगार आपल्या पैशावर."

त्या दिवशी संध्याकाळी, सगळे टीव्हीला चिकटल्यावर, परबांनी खालच्या फांद्यांवर थोडी तालीम केली. कुणी बघून हसू नये, एवढाच हेतू. पंप आधी रुसला, मग एकदम भडाभडा सुटला आणि हाताला लागणाऱ्या सगळ्या फांद्या न्हाऊन निघाल्या. शनिवारी सकाळी त्यांनी मागचं दार उघडलं तर खालच्या फांद्यांवर एक पान नव्हतं. सुरवंट जागच्या जागी होते. औषध इतकं जालीम आहे की पानंसुद्धा झडली, असा परबांनी निष्कर्ष काढला. झडलेली पानं जमिनीवर का दिसत नाहीत, हा प्रश्न त्यांच्यातल्या हेडक्लार्कलाही सुचला नाही.

सुगंधा जेवण उरकून लालबागला गेली होती. खरे काळे वाटाणे लालबागेतच मिळतात आणि नाहूरला मिळतात ते नुसते काळे असतात, असं तिचं मत. परबांनी संधी साधली. अंगात रेनकोट, तोंडाला टॉवेल, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. पंपाला एक झाकण औषध पुरे होतं. परबांनी तीन घातली; एका अर्जावर काम होतं यावर सरकारी माणसाचा विश्वास बसत नाही. मग त्यांनी नळी आभाळाकडे रोखली आणि दांडा हाणायला सुरुवात केली.

पहिली धार सामंतांच्या वाळत घातलेल्या गंजीफ्रॉकवर गेली. दुसरी झाडावर गेली. तिसरी वाऱ्यानं परबांकडेच परत आली. पण शेवटी झाड वरपासून खालपर्यंत न्हालं, आणि परब मागे सरकून सुरवंट मरण्याची वाट बघू लागले.

सुरवंट मेले नाहीत. ते अस्वस्थ झाले. आधी थोडी हालचाल झाली, मग ती सगळी घोंगडी एकदम खाली सरकू लागली. बुंध्यापाशी येऊन ती चारी दिशांना फुटली. एक तुकडी परबांच्या मोरीत शिरली, एक जिन्यानं वर चढू लागली, आणि एका मोठ्या फळीनं सामंतांच्या स्कूटरच्या सीटवर मुक्काम केला. उत्तराबाईंनी दार उघडलं, पायपुसण्यावर नजर गेली, आणि त्यांनी फोडलेल्या किंकाळीनं दुपारी झोपलेलं सहजीवन उठून उभं राहिलं. मग झाडू, खराटे, रॉकेल, पोरांचा जल्लोष आणि "परब!" "ओ परब!" "अहो काय हे परब!" असा तासभर गजर चालला. सगळ्या वेढ्यात परब टॉवेल बांधून उभे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही, हीच त्या दुपारची जमेची बाजू.

संध्याकाळी सुगंधा पिशव्या घेऊन आली. चिडली की ती मालवणीवर येत असे.

"ह्यो वास कसलो?"

"फवारणी केली," परब म्हणाले. "झाड वाचवलं तुझं."

"आज?"

"आज म्हणजे? उद्या सभा नाही का?"

"उद्या अष्टमी आसा!" सुगंधानं वाटाण्यांची पिशवी खाली आपटली. "सगळ्या बिल्डिंगीत उद्या राती शेवग्याची भाजी होतली. ही माणसा पालो खयसून आणतत, म्हायत नाय तुमका? कोणी मेला म्हणजे?"

परब उठून उभे राहिले. "मग सांगायला हवं त्यांना."

"सांगा ना."

"पण सांगू कसं? त्यांनी तर कधी पाला तोडलेलाच नाही!"

ही अडचण खरी होती. बऱ्याच खाडाखोडीनंतर परबांनी फळ्यावर लिहिलं: 'शेवग्यावर विषारी औषध मारले आहे. कोणीही पाला तोडून खाऊ नये. कळावे, द. परब.' पाचच मिनिटांत फळ्यापुढे गर्दी झाली.

"कोणीही म्हणजे कोण?" उत्तराबाईंनी विचारलं. "आम्ही काय शेळ्या आहोत?"

"तसं नाही हो, आपलं एक सावधगिरी म्हणून..."

"सभासदांना चोर म्हणताय तुम्ही, परब," सामंत पाठ खाजवत म्हणाले. त्यांनी तोच गंजीफ्रॉक घातला होता. "उद्याच्या सभेत हा विषयसुद्धा घेऊ. साळवे, लिहून घ्या."

सगळे मोठ्या समाधानानं चिडले होते. जणू काही एक गोष्ट त्यांना माहीत होती आणि परबांना नव्हती.

रविवारी सकाळी सभा जिन्याखाली भरली. साळवे सोडून सगळे उपाशी होते, आणि उपाशी माणसांइतकं न्यायनिष्ठुर कुणी नसतं. सामंतांनी पट्टीनं पाठ खाजवत प्रास्ताविक केलं. कीटकांचा बंदोबस्त झालेला नाही, उलट ते आता घराघरांत राहायला आले आहेत. सबब झाड सोमवारी तोडावं. आणि सभासदांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवल्याबद्दल परबांनी लेखी माफी मागावी. "बरोबर," "बरोबर," असे आवाज आले. परबांना मागच्या दारात उभी असलेली सुगंधा आठवली.

"बंदोबस्त झालेला नाही असं कसं म्हणता?" ते उठून म्हणाले. "सुरवंट खाली उतरले, म्हणजे मरायलाच उतरले. आज सकाळपासून खोडावर एक नाही. एकदा नाही, दोनदा औषध मारलंय मी. काल दुपारी सगळ्या झाडाला, आणि त्याच्या आधी शुक्रवारी संध्याकाळी खालच्या फांद्यांना."

'बरोबर' म्हणणारे चपापले.

"शुक्रवारी?" उत्तराबाईंनी हळूच विचारलं.

"शुक्रवारी."

"नाही म्हणजे, समजा, एखाद्यानं, म्हणजे आपल्यापैकी नव्हे, पण समजा शनिवारी पहाटे जरासा पाला..."

"खालच्या फांद्यांचा?"

"हाताला लागतो तेवढाच हो!"

झडलेल्या पानांचं कोडं परबांना तिथे, भर सभेत, उलगडलं. गेले पाच-सहा दिवस त्यांचं जे जे झालं होतं ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, डासवाल्यासकट. ते सावकाश म्हणाले, "पाला पोटात गेला तर काय करायचं, ते औषधाच्या कागदावर दिलंय. सांगतो. पण आधी कुणी कुणी तोडला, त्यांनी हात वर करा."

पहिला हात उत्तराबाईंचा. मग मागून एक, मग बाजूनं दोन, मग एकमेकांकडे बघत बघत उरलेले सगळे. साळव्यांचा हात टेबलावर होता. "मी शेंगा घेतो," ते म्हणाले, "आणि विचारून घेतो." सामंतांचा हात मात्र मानेमागे पट्टीशी होता.

"सामंतसाहेब," परबांनी विचारलं, "हा हात वर आहे की पाठीवर?"

सामंतांनी एकवार जिन्याकडे पाहिलं. जिन्यात त्यांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या, आणि घरात परातभर पाला निवडून ठेवलेला होता. "वर," ते म्हणाले.

"कुणी खाल्लाय?"

कुणीच खाल्ला नव्हता. सगळ्यांना उपास होता. "मग फेकून द्या नि हात धुवा," परब म्हणाले, आणि खाली बसले. पुष्कळ दिवसांनी त्यांना बसल्यासारखं वाटलं.

पण सामंत उगीच चेअरमन नव्हते. एक मिनिटभर ते खाजवायचे थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "एक मिनिट! तोडला म्हणजे चोरला असं कुठे आहे? अंगणाची जागा सोसायटीची. जागेतलं झाड सोसायटीचं. आपल्याच झाडाचा पाला आपण तोडला, यात चोरी कसली?"

सभेनं सुटकेचा नि:श्वास टाकला. अशी निर्दोष सुटका कोर्टातसुद्धा होत नाही.

"मग तोडायच्या ठरावाचं काय लिहू?" साळव्यांनी विचारलं.

"आपलंच झाड आपण तोडायला आपण काय वेडे आहोत?" उत्तराबाई म्हणाल्या. सामंतांनी मनातल्या मनात स्कूटरची शेड इज्जतीवरून ओवाळून टाकली. ठराव एकमतानं झाला. झाड सोसायटीच्या मालकीचं. पाला व शेंगा सर्वांच्या. पाणी, झाडलोट आणि फवारणी श्री. परब यांच्याकडे. विनापरवाना फवारणीबद्दल त्यांना समज देण्यात आली.

परब घरी आले. सुगंधा आंबोळ्यांचं पीठ घोळत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हणजे झाड आता माझा नाय?"

"वाचलं ना पण!"

"वाचला," ती म्हणाली. "दुसऱ्याचा होवन." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. परबांना स्वतःचा इतका राग आला की त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पंप धुवायला घेतला.

रात्री कृष्ण जन्मला आणि सहजीवनमधल्या घराघरांत पानं मांडली गेली. आंबोळ्या होत्या, उसळ होती, आणि भाजीच्या जागी बटाटा होता. अशात तळमजल्यावरून ओलं खोबरं आणि शेवग्याच्या भाजीचा वास जिन्यानं वर जाऊ लागला. परब चमकून स्वयंपाकघरात आले. पातेलंभर भाजी शिजत होती.

"अगं, विष!"

"शुक्रवारी सकाळीच पाला काढून ठेवलाय मी," सुगंधा म्हणाली. "तुम्ही पंप आणूक जावच्या आधी. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमधे. ह्या बिल्डिंगीत ऱ्हवायचा तर दोन दिवस आधी तोडूक लागता."

दाराची कडी वाजली. सामंत होते. हातात वाटी, अंगात धुतलेला सदरा, आणि आवाजात दिवसभराचा उपास.

"वहिनी, जरा... प्रसादापुरती."

सुगंधानं पातेलं दारात आणलं, डाव भरला आणि वाटीच्या वर हवेत धरला.

"झाड कोणाचा?"

"आँ?"

"झाड कोणाचा, भावजी?"

सामंतांनी जिन्याकडे पाहिलं. तिथे उत्तराबाई वाटी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागे आणखी दोघं, आणि त्यांच्यामागे वाट्यांचे आवाज येत होते. "ठरावाप्रमाणे पाहिलं तर..." त्यांनी सुरुवात केली. डाव पातेल्यात परत गेला.

"तुमचाच," चंद्रप्रकाश सामंत म्हणाले. सोसायटीच्या कामात ते कधी मालवणी बोलत नसत. "तुमचाच झाड, वहिनी."

"वरती ऐकूक येवक नाय."

"तुमचाच!"

वाटी भरली. उत्तराबाईंनी विचारायची वाटसुद्धा पाहिली नाही, जिन्यातूनच म्हणून टाकलं. एकेक वाटी येत गेली, एकेक माणूस तेच वाक्य बोलत गेला, आणि सुगंधा कुणाला कमी न वाढता प्रत्येकाकडून ते ऐकून घेत गेली. शेवटी साळवे आले. त्यांना उपास नव्हता, भूकही नव्हती. "सकाळी लिहिलं ते मला पटलं नव्हतं, वहिनी," ते म्हणाले. त्यांना दोन डाव मिळाले.

मग दार लागलं. परब कधीचे पानावर बसले होते. पातेल्याच्या तळाला एका माणसापुरती भाजी उरली होती. सुगंधानं ती डावात घेतली आणि पानाच्या वर धरली.

"झाड कोणाचा?"

"आपलं," परब प्रेमानं म्हणाले.

डाव हवेतच राहिला. परबांनी एकदा डावाकडे पाहिलं, एकदा बायकोच्या तोंडाकडे.

"तुझा," ते म्हणाले.